मोकळी केली तुला

दिंद्रुडच्या अलीकडं, नदीकाठच्या त्या गावात दुष्काळाच्या दुसऱ्या उन्हाळ्यात पाणी उरलं होतं ते फक्त सोसायटीच्या विहिरीत. गावातले आड आटले होते. नदीत हातभर खड्डा खणला की पूर्वी पाणी लागायचं, आता ढोपरभर खणलं तरी कोरडी वाळूच वर यायची. सोसायटीच्या विहिरीवर मात्र ऑइल इंजिन होतं, आणि त्या इंजिनावर चाँदपाशा होता.

पाशा म्हणजे जैतूनबीचा नवरा. हात कायम तेलाचे, बोलणं मोजकं. त्याच्या बापाचा सोसायटीत शेअर होता, म्हणून उपसा सुरू झाला तसं इंजिनाचं काम त्याला मिळालं. बाकीचं गाव खडी फोडायला सरकारी कामावर जात होतं, पाशा मात्र सावलीत बसून इंजिनाचा आवाज ऐकत होता. लोक म्हणायचे, नशीबवान हाय. जैतूनलाही आधी तसंच वाटायचं.

इंजिनाचं पाणी जायचं चेअरमन सुंदररावांच्या मळ्यातल्या बेण्याच्या उसाला. सुंदरराव काही वाईट माणूस नव्हता. माजलगावकडं सहकारी साखर कारखाना निघणार अशी बोलवा होती, आणि बेणं जगलं तर गावाचा ऊस लागेल, गाव कोयता घेऊन परमुलखात जाणार न्हाई, असं ते पारावर बसून सांगायचे. ते खोटंही नव्हतं. पण सकाळपासून इंजिन चाललं की दुपारी विहिरीचा तळ दिसायचा, आणि बायांच्या पोहऱ्यात गाळ यायचा.

त्या दिवशी जैतून भाकरी घेऊन विहिरीवर गेली, तर पन्नासेक बाया घागरी घेऊन काठावर बसलेल्या. शेजारच्या भिवराबाईनं नुकताच पोहरा वर ओढला होता. त्यात चिखल आणि एक मेलेलं बेडूक.

"जैतून, तुझ्या नवऱ्याला सांग की गं," भिवराबाई म्हणाली. "घंटाभर बंद ठेव म्हणावं. झरे भरतील."

जैतून इंजिनाच्या खोलीत गेली. पाशानं तिच्याकडं न बघता बाहेर बोट केलं. सुंदरराव उभे होते, आणि त्यांच्यासंगं बेणं बघायला आलेले दोन पांढऱ्या टोप्यांचे पाहुणे.

"अण्णा उभे हायेत," तो एवढंच म्हणाला.

"मग मी सांगू का अण्णाला?"

"तू घरी जा."

रोज भाकरी घेऊन येताना तो इंजिन कसं बंद करतो ते तिनं पाहिलं होतं. तो तेलाचा डबा उचलायला वाकला आणि तिनं दांडा खाली दाबला. इंजिन दोन ठसके देऊन गप्प झालं. इतके दिवस तो आवाज कानात एवढा बसला होता की, तो थांबल्यावर सगळ्या गावालाच बहिरेपण आल्यासारखं वाटलं.

सुंदररावांनी आवाज चढवला नाही. हसूनच विचारलं, "पाशा, इंजिन तू चालवतोस का तुझी बायको?"

पाहुण्यांपैकी एक जण हसला. बायाही हसल्या, पण त्या वेगळ्या कारणानं. पाशा खोलीतून बाहेर आला. तोंड लालभडक, हातात तेलाचा बोळा.

"जा!" तो ओरडला. "मोकळी केली तुला! मोकळी! मोकळी!"

घरात ती दोघं दखनीत भांडायची. त्या दिवशी समोर चेअरमन उभे होते, म्हणून शब्द मराठीतून आला. इंजिन चालू असतं तर तो कुणाला ऐकूही गेला नसता.

जैतून घरी पोचायच्या आत बातमी घरी पोचली होती. सासू हलीमाबी दारातच कपाळाला हात लावून बसलेली. दिवस कलायच्या आत मशिदीचे मुल्लाजी आले, ओसरीवर टेकले आणि पहिला प्रश्न विचारला, "तीनदा म्हणाला का?"

"तीनदा म्हणाला," हलीमाबी म्हणाली. "पण तलाक हा लफ्ज काढला न्हाई त्यानं."

"मतलब तोच की. रागात म्हणाला, चार लोकांत म्हणाला." मुल्लाजींनी दाढी कुरवाळली. ते भले होते, पण घाबरट. गुन्हा आपल्या माथी नको, एवढंच त्यांना हवं होतं. "बीडला काझीसाहेबांना विचारल्याबिगर मी काही बोलणार न्हाई. तवर दोघांनी एका छताखाली बसू-उठू नये."

पाशा अंगणाच्या कडेला उभा होता. हलीमाबी त्याच्याकडं वळली. "अरे बोल की! मनात काही नव्हतं म्हण. इथंच मिटलं."

पाशा बोलला नाही. पायातली वहाण काढली, पुन्हा घातली, आणि विहिरीकडं निघून गेला.

त्या गप्प राहण्यानं जैतूनच्या जिवाला घोर लावला. शब्द काय, रागात माणूस काहीही बोलतो. तिनंही त्याला कितीदा 'मर' म्हटलं होतं. पण नुसतं 'नव्हतं मनात' म्हणायचं होतं, तेवढंही त्याच्यानं होईना? तिनं दळलेलं पीठ पुन्हा चाळलं. चाळलेलं पुन्हा डब्यात भरलं. लेकरांना उगाच जवळ घेतलं, उगाच हाकललं. खडीच्या कामावर गेली तर हातोडा दगडावर पडायच्या ऐवजी बोटावर पडायला लागला. बाया विचारायच्या, "तू आता त्याची हायेस का न्हाईस?" आणि तिला खरंच सांगता यायचं नाही. न्हाती-धुती बाई, दोन लेकरांची आई, आणि आपण कोण आहोत हे तिला त्या बीडच्या म्हाताऱ्याला विचारावं लागणार होतं. त्याहून वाईट म्हणजे, त्या म्हाताऱ्यानं काय सांगावं असं आपल्याला वाटतं, हेही तिला कळत नव्हतं. सकाळी वाटायचं, देवा, मिटू दे. दुपारी वाटायचं, तुटलंच असेल तर बरं.

जुम्म्याच्या आधल्या दिवशी चौघं बीडला गेली. एसटीत पुढं पाशा आणि मुल्लाजी, मागं जैतून आणि तिच्या सोबतीला भिवराबाई. वाटेत एकही शेत हिरवं नव्हतं. खिडकीतून येणारा वारा तव्यावरनं आल्यासारखा लागत होता.

काझीसाहेब मशिदीला लागून असलेल्या पडवीत बसत. वय झालेलं, डोळ्यांत मोतीबिंदू, पण कान तिखट. त्यांनी सगळ्यांना आधी सुरईतलं पाणी दिलं. मग पाशाला जे घडलं ते सांगायला लावलं, मधे कुणालाही बोलू दिलं नाही.

"मोकळी," त्यांनी तो शब्द जिभेवर घोळवला. "तू तलाक म्हणाला असतास तर तुझ्या मनात डोकावायचं मला कारण नव्हतं. थट्टेत म्हणालो म्हटलं तरी सुटका नव्हती. पण हा शब्द दोन्हीकडं जातो." ते भिवराबाईकडं वळले. "बाई, ही साक्ष म्हणून विचारत न्हाई. बोली तुमची आहे म्हणून विचारतो. तुमच्या गावात नवरा बायकोला मोकळी केली म्हणाला, तर लोक काय समजतात?"

भिवराबाई गांगरली. पदर सावरून म्हणाली, "कसं सांगावं? माझ्या दिरानं बायकोला 'सोडली' म्हणलं, ती गेली माहेरी, पुन्हा आली न्हाई. 'सोडली' म्हणजे सोडलीच. पण मोकळी... बाळंतीण झाली तरी आमी मोकळी झाली म्हणतो. कामावरून लवकर सुटली तरी मोकळी. अन् लई तरास देणाऱ्याला म्हणतो, जा बाबा, मोकळं कर."

"म्हणजे चालती हो, ह्या अर्थानंही."

"व्हय. तसंबी."

"आणि कायमची जा, ह्या अर्थानं?"

भिवराबाईनं जैतूनकडं पाहिलं, मान खाली घातली. "तसंबी म्हणतात, साहेब. खोटं कावून बोलू?"

मुल्लाजी पुढं सरकले. "हुजूर, रागात होता. तीनदा म्हणाला."

"ऐकलं मी," काझीसाहेब म्हणाले. "राग बघायचाच असतो. पण शब्दाला दोन तोंडं असली की बोलणाऱ्याची नियत विचारावी लागते, आणि ती त्याच्याशिवाय कुणाला ठाऊक नसते." ते पाशाकडं वळले. "चाँदपाशा, आता नीट ऐक. तू म्हणालास की मनात तलाक नव्हता, तर मी तुला कसम घालीन, आणि कसम खाल्लीस तर तुझं म्हणणं मानीन. तुझी बायको तुझी बायकोच राहील. मी तुला वाट दाखवत न्हाई, कायदा सांगतोय. बोल. तो 'मोकळी' शब्द तोंडातून निघाला तेव्हा मनात काय होतं?"

जैतून भिंतीशी बसली होती. तिनं फरशीतल्या एका भेगेवर नजर लावली. मुल्लाजी घसा खाकरत होते, म्हणजे पाशाला खुणावत होते. एवढं सोपं होतं. एक वाक्य.

"इंजिनाचा राग होता," पाशा हळू म्हणाला. "अण्णा हसले त्याचा राग होता." मग तो थांबला, इतका वेळ की भिवराबाईनं जैतूनचा हात धरला. "पण पहिल्या वक्ताला म्हणालो तेव्हा... ही घरात न्हाई, असं घर दिसलं मला. अन् बरं वाटलं. तेवढ्यापुरतं. कसम घालत असाल तर हेच सांगावं लागंल."

"बरं वाटलं म्हणजे? ती बायको न राहावी, असं?"

"व्हय. तेवढ्यापुरतं."

"तेवढ्यापुरतंच लागतं," काझीसाहेब म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात कीव होती. "तीन तलाकची नियत होती?"

"न्हाई. तीन-बीन काही न्हवतं डोक्यात."

"मग एक तलाक झाला. पहिल्या शब्दानं नातं तुटलं. मागच्या दोन शब्दांना तोडायला काही उरलंच नव्हतं. पण हा तलाक मागं घेता येणारा न्हाई. तू नुसतं 'परत ये' म्हणून ती परत येत न्हाई."

मुल्लाजींच्या तोंडावर हुशारी आली. तीन तलाक झाले असते तर पुन्हा निकाहही सरळ होत नव्हता; तीन नाहीत म्हणजे रस्ता होता. "मग पुन्हा निकाह होतो की, हुजूर! आत्ताच वाचू. दोन गवाह बाहेर भेटतील."

"होतो," काझीसाहेब म्हणाले. "नवा निकाह, नवा मेहर. पण तिला विचारलंत का?"

सगळे जैतूनकडं बघायला लागले. पाशासुद्धा, त्या दिवसानंतर पहिल्यांदा. तिचा पहिला निकाह झाला तेव्हा ती चौदाची होती. मामू पडद्याआड 'राजी आहेस का' विचारायला आले, आणि मौशीनं मागून तिची मान दाबून हलवली होती. आता मागं कुणी नव्हतं.

"आत्ता न्हाई सांगता यायचं मला," ती म्हणाली.

"जैतून!" मुल्लाजी ओरडले.

"न्हाई सांगता यायचं."

काझीसाहेबांनी हात वर केला. "तिचा हक आहे. इद्दत पुरी होईतो, म्हणजे तीन पाळ्या जाईतो, ती त्याच घरात राहील, आडपडदा ठेवून. बाहेर पडणार न्हाई. तिचं खाणंपिणं चाँदपाशावर."

जैतूननं विचारलं, "अन् पाणी कोण आणणार?"

"पाणीसुद्धा त्याच्यावर," काझीसाहेब म्हणाले. भिवराबाईला एकदम हसू फुटलं. ते तिनं पदरात कोंबलं.

घरी आल्यावर हलीमाबीनं ओसरीला गोणपाटांचा पडदा शिवला. आत जैतून, सासू आणि लेकरं, बाहेर पाशा. आणि दुसऱ्या दिवसापासून पाशा घागर घेऊन बायांच्या रांगेत उभा राहायला लागला.

जैतूनला ते दिसत नव्हतं, पण भिवराबाई येऊन सांगायची. पहाटे इंजिन सुरू करायचं, आणि मग त्याच विहिरीच्या काठावर, आपलंच इंजिन पाणी ओढून नेताना बघत, बायांच्या मागं उभं राहायचं. पहिल्या दिवशी बाया गप्प होत्या. दुसऱ्या दिवशी केशरबाई म्हणाली, "पाशाभाई, तुमचा नंबर लागंस्तोवर तळ लागंल बघा." तिसऱ्या दिवशी त्याच्या पोहऱ्यात गाळ आला. त्यानं तो गाळ फडक्यातून गाळून घरी आणला. पडद्याखालनं घागर आत सरकली तेव्हा जैतूननं पाण्याचा रंग पाहिला. लेकरांना आधी दिलं.

बाहेर पडायचं नाही, म्हणजे काय असतं ते तिला आता कळलं. खडी फोडायचा हात रिकामा होता. ती ओसरीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत यायची-जायची. हलीमाबी करवादायची, "बैस गं घडीभर, माझं डोकं फिरतंय." बसली की प्रश्न उठायचा. शेवटी एका दुपारी, सासू लेकरांना घेऊन सरकारी सुकडी आणायला गेली असताना, तिनं पडद्याच्या अलीकडून तो विचारलाच.

"सुनो. मी नको झाले, ते कधीपास्नं?"

बाहेर खाटेची करकर झाली. तो पडद्याकडं पाठ करून बसला. मग म्हणाला, "तू नको झाली न्हवतीस. तुझं बघणं नको झालं होतं."

"कसलं बघणं?"

"संध्याकाळी मी आलो की तू हाताकडं बघायचीस माझ्या. दिवसभर उसाला पाणी पाजून आलाय, असं. तू बोलायची न्हाईस. बोलली असतीस तर भांडलो असतो. रोज ते बघणं घेऊन झोपायचं... मग त्या दिवशी तू सगळ्यांसमोर दांडा दाबलास, अन् वाटलं, हे बघणारं कुणी घरात नसलं तर कसं निवांत वाटंल."

जैतूनला राग यायला हवा होता. तिला नवल वाटलं. ती बघत होती हे तिला स्वतःलाच माहीत नव्हतं. किंवा माहीत होतं, आणि त्याला कळत नसेल असं ती धरून चालली होती.

"आता वाटतंय का निवांत?" तिनं विचारलं.

"आता रांगेत पन्नास जणी बघतात," तो म्हणाला.

ती हसली नाही, पण तिचं येरझाऱ्या घालणं त्या दिवसापुरतं थांबलं.

पुढच्या आठवड्यात पाशा सुंदररावांच्या वाटेत उभा राहिला. काय बोलणं झालं ते त्यानंच पडद्याबाहेर बसून आईला सांगितलं, पण आवाज मुद्दाम मोठा ठेवला.

"म्हणालो, अण्णा, सकाळचं इंजिन बंद ठेवू. बाया पाणी भरतील. दुपारनंतर बेण्याला देऊ. म्हणाले, बेणं मेलं तर कारखान्याला काय दाखवू, तुझ्या बायकोची घागर? म्हणालो, ती माझी बायको राहिली न्हाई अण्णा, तुमच्यासमोरच मोकळी केली. आता तिचं पाणी मला भरावं लागतंय, म्हणून कळतंय."

"मग?" हलीमाबीनं विचारलं.

"मग काय. उद्यापास्नं इंजिनावर आसाराम बसणार."

हलीमाबी रडायला लागली. दुष्काळात हातचं काम गेलं होतं. जैतून पडद्याला हात लावून उभी राहिली. आत तिला एकदम थंड, स्वच्छ वाटलं, आणि त्याच वेळी भीतीही वाटली. आता हा माणूस कशाच्या जोरावर तिला निकाहचं विचारणार?

त्यानं विचारलंच नाही. दुसऱ्या दिवशी तो खडीच्या कामावर गेला, संध्याकाळी हाताला फोड आणून आला, आणि मग घागर घेऊन रांगेत गेला. भिवराबाई आणि केशरबाई पुढं होऊन पंचवीस-तीस बाया माजलगावला तहसीलवर जाऊन बसल्या. जैतूनला जाता आलं नाही, त्यानं ती तळमळत राहिली. तहसीलदार आले, विहीर बघितली, आणि सकाळचं पाणी गावाचं ठरवून गेले. सुंदररावांचं निम्मं बेणं वाळलं. त्यांनी पाशाशी बोलणं टाकलं ते टाकलंच. पुढं कारखान्याच्या गोष्टी निघाल्या की लोक पाशाकडंही वाकडं बघायचे, हेही खरं.

इद्दत सरत आली तशी हलीमाबीनं सुनेपुढं पदर पसरला. मुल्लाजी दोनदा येऊन गेले. पाटोद्याहून जैतूनचा भाऊ आला, बाजूला बसून म्हणाला, "माझ्या घरी ये म्हणायची माझी ऐपत न्हाई, आपा. पण तू आलीस तर दार लावणार न्हाई." तिनं भावाला जेवू घातलं, आणि जाताना सांगितलं, "पाशाला म्हणावं, त्याला काही विचारायचं असंल तर त्यानंच विचारावं. मुल्लाजीच्या तोंडानं नको."

त्या संध्याकाळी पाशा पडद्याजवळ येऊन उभा राहिला. पायातली वहाण काढली.

"माझ्याकडं काम न्हाई," तो म्हणाला. "बापाचा सोसायटीतला शेअर हाय. मेहर म्हणून तो तुझ्या नावावर करतो. सुंदरराव करू देतील का न्हाई, माहीत न्हाई. भांडावं लागंल. निकाहला तू राजी हायेस का?"

जैतूननं ओसरीवर एक चक्कर मारली. लेकरं झोपाळलेली होती. सासू चुलीपुढं कान देऊन बसली होती.

"तुझं ते बरं वाटणं," ती म्हणाली, "पुन्हा वाटंल का?"

"वाटंल," तो म्हणाला. "कधीतरी वाटंलच. पण तोंडातनं काढणार न्हाई."

"मलाबी वाटंल," ती म्हणाली. "राजी हाय मी."

निकाह दुसऱ्या दिवशी झाला. मुल्लाजींनी वाचला, दोन गवाह होते, आणि भिवराबाईनं गूळ वाटला. बीडहून निघताना काझीसाहेबांनी पाशाला एक गोष्ट बजावली होती, ती मुल्लाजींनी सगळ्यांदेखत पुन्हा सांगितली: एक तलाक खर्ची पडला, तो नव्या निकाहनंही भरून येत नाही, आता दोनच हातात आहेत.

सुंदररावांनी शेअरची बदली वर्षभर अडवली, मग केली. तोवर दोघं खडीच्या कामावर संगंच जात होती. भांडणं थांबली नाहीत. थांबतील असं जैतूनला वाटलंही नव्हतं. पण आवाज चढला की पाशा वाक्य अर्ध्यात तोडून घराबाहेर पडायचा आणि नदीच्या कोरड्या पात्रातून पार पलीकडच्या काठापर्यंत चालत जायचा. जैतून दारात उभी राहून तो परत येईपर्यंत बघत राहायची. तिच्या जिवाची ती उलघाल काही गेली नाही. मात्र तो परत आला की ती आता त्याच्या हातांकडं नाही, तोंडाकडं बघायची, आणि तोही नजर चुकवायचा नाही.